घरचा कॉम्प्युटर गार ठेवायला हवेचा कूलर घ्यावा की लिक्विड?

बेळगावात वडगाव भागात अनेक घरांत आजही यंत्रमाग चालतात. तिथल्या एका ओळखीच्या घरी कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडायचा. मुलाचा हट्ट एकच, "काका, लिक्विड कूलर बसवूया." कॅबिनेट उघडलं, तर हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, सुताच्या धुळीचा जाड थर. चिमटीत धरून ओढला तर घोंगडीच्या तुकड्यासारखा सलग निघाला. साफसफाई करून प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधली थर्मल पेस्ट बदलली, तेवढ्यावर काम झालं.

म्हणून खिशात हात घालण्याआधी कॅबिनेट साफ करा आणि मग तापमान मोजा. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर टाका, टेबलावर साधा थर्मामीटर ठेवा आणि प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं सिनेबेंच 10 मिनिटं चालवा. प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा. कूलरची खरी ताकद या फरकात दिसते. हवेचा कूलर फॅननं आणि लिक्विड कूलर नळ्यांतून पाणी फिरवून उष्णता दूर नेतो, पण दोन्ही शेवटी ती खोलीतल्या हवेतच सोडतात, त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा गार कधीच होणार नाही. अथणीतली मे महिन्याची दुपार आणि खानापुरातला जुलैचा पाऊस, कूलर तोच असला तरी आकडे वेगळे येणारच.

आता प्रोसेसर किती वॅटचा आहे ते बघा. रायझन 5 5600 सारख्या 65 वॅटच्या प्रोसेसरला 120 मिमी फॅनचा टॉवर कूलर (उंच हीटसिंकला फॅन लावलेला हवेचा कूलर) भरपूर झाला. अभ्यास, हिशेब, डीटीपी, थोडंफार गेमिंग यासाठी मी लिक्विड घ्या म्हणून कुणालाच सांगत नाही. कोअर आय9-13900के मात्र पूर्ण जोरात 253 वॅटपर्यंत जातो. त्यावर तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करायचे असतील, तर 360 मिमी रेडिएटरचा (पाणी गार करणाऱ्या, फॅन लावलेल्या भागाचा) लिक्विड कूलर घ्यावा.

दोघांतला मोठा फरक बिघाडाच्या वेळी कळतो. टॉवर कूलरमध्ये बिघडण्यासारखा भाग एकच, तो म्हणजे फॅन, आणि तो स्वस्तात बदलता येतो. लिक्विडमध्ये पंप बंद पडला की पाणी जागेवरच थांबतं आणि प्रोसेसर बघता बघता तापतो. शिवाय नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडून जातं, आणि बहुतेक सीलबंद कूलरमध्ये ते पुन्हा भरता येत नाही.

टॉवर घेणार असाल तर प्रोसेसरपासून कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणापर्यंतचं अंतर टेपनं मोजा, कारण टॉवर त्याच दिशेनं उभा राहतो आणि बरेच टॉवर 155 ते 160 मिमी उंच असतात. बसवताना कूलरच्या तळाचं प्लास्टिक आठवणीनं काढा. वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. स्क्रू तिरक्या जोडीनं, थोडे थोडे करत आवळा.

लिक्विड असेल तर रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावणं उत्तम. पुढे लावलात तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच राहिलंच पाहिजे, कारण हवेचे बुडबुडे सर्वांत उंच जागी जमतात आणि ते पंपात शिरले तर तो खरखरतो.

आपल्याकडे निपाणीची तंबाखूची धूळ आहे, उसाचा पाला पेटवल्यावर उडणारी काजळीही आहे. तेव्हा कूलर कुठलाही असो, कॅबिनेटची धूळ अडवणारी जाळी महिन्यातून एकदा धुवा आणि पूर्ण वाळवूनच लावा. ब्लोअर मारण्याआधी विजेची वायर काढा आणि फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेच्या झोतानं फॅन गरगर फिरला तर बेअरिंग खराब होतं.