फॉरमॅट मारू नका, आधी ‘नेक्स्ट’ कुठे दाबलंत ते बघू

“व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारून द्या,” असं म्हणत लोक मशीन काउंटरवर ठेवतात. चालू करून बघावं तर ब्राउझरचं पहिलं पान भलतंच, उजव्या कोपऱ्यात सारखी ‘तुमचा पीसी धोक्यात आहे’ची पाटी, आणि खाली टास्कबारवर अनोळखी मंडळी: कुठला तरी पीसी क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर, कधी नाव न ऐकलेला ब्राउझर. याला बहुतेक वेळा फॉरमॅट, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं, लागत नाही. हे प्रोग्रॅम मालकाने स्वतःच ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करत आत घेतलेले असतात. फॉरमॅट मारून दिला तरी गडी पुढच्या आठवड्यात तेच सॉफ्टवेअर त्याच साइटवरून उतरवतो आणि पुन्हा येतो. बार्शीत रिपेअरिंगचं दुकान चालवणाऱ्याला ते परवडतं, पण मला त्याच मशीनचं तेच काम करायचा कंटाळा येतो. म्हणून हे लिहितोय.

आधी यामागचा व्यवहार समजून घ्या. फुकट सॉफ्टवेअरच्या साइट मूळ फाइलभोवती स्वतःचा डाउनलोडर, म्हणजे ती फाइल उतरवून देणारा छोटा प्रोग्रॅम, गुंडाळतात. त्यातून तुमच्या मशीनवर एखादा जास्तीचा प्रोग्रॅम बसला की त्या कंपनीकडून साइटला पैसे. हे फक्त गल्लीबोळातल्या साइटनीच केलं असं नाही. २०११ साली डाउनलोड डॉट कॉमने हा प्रकार सुरू केला, तेव्हा एनमॅप या नेटवर्कच्या टूलचा कर्ता गॉर्डन लायन याने जाहीरपणे बोंब ठोकली होती. सोर्सफोर्ज या फुकट सॉफ्टवेअरच्या साइटने २०१३ मध्ये अशीच योजना आणली. फोटो एडिटिंगचं गिंप त्याच वर्षी तिथून बाहेर पडलं. २०१६ साली मालक बदलले तेव्हा ती योजना बंद झाली. जावाच्या अधिकृत इन्स्टॉलरबरोबर आस्क टूलबार (ब्राउझरला चिकटणारी सर्चची पट्टी) कित्येक वर्षं येत होता, तोही आधीच टिक मारलेला. तेव्हा ‘मोठ्या कंपनीचं आहे’ म्हणून डोळे मिटून नेक्स्ट दाबू नका.

आपल्याकडे सगळ्यात जास्त गंडतात ती मराठी टायपिंगवाली माणसं. गुगलचं विंडोजवर ऑफलाइन चालणारं इनपुट टूल पूर्वी सगळे वापरायचे. गुगलने ते देणं बंद केलं, पण लोक अजून तेच शोधतात. मग समोर येते कुठलीतरी साइट, आणि तिच्यावर तीन-चार हिरवी ‘डाउनलोड’ बटणं. त्यातली बहुतेक जाहिराती असतात. खरी लिंक कुठेतरी खाली, बारीक निळ्या अक्षरात.

हे शोधायची गरजच नाही. विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच दिलेला आहे, ११ मध्येही आहे. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, तिथे भाषेत मराठी जोडा, मराठीच्या ‘लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘अ‍ॅड अ कीबोर्ड’वर मराठी फोनेटिक निवडा. मग विंडोजचं बटण दाबून धरून स्पेसबार मारला की भाषा बदलते. इंग्रजी अक्षरांत नमस्कार टाइप केला की देवनागरीत उमटतो. ज्यांना इनस्क्रिप्ट (देवनागरीचा ठरावीक कीबोर्ड) येतं त्यांच्यासाठी तोही तिथेच आहे.

बाकी सॉफ्टवेअरचं म्हणाल तर ते ज्याने बनवलं त्याच्याच साइटवरून घ्या. व्हिडिओ बघायचा व्हीएलसी व्हिडिओलॅन डॉट ऑर्गवर मिळतो. ‘व्हीएलसी फ्री डाउनलोड’ असं गुगलवर टाकून पहिली ओळ दाबू नका. तिच्या डोक्यावर ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं असेल तर ती पैसे भरून वर आलेली आहे. एकदम चार-पाच सॉफ्टवेअर टाकायची असतील तर नाइनाइट नावाची साइट बघा: हवं त्यावर टिक करा, एकच छोटी फाइल उतरते, आणि ती जोडीच्या कचऱ्याला स्वतःच नकार देत सगळं बसवते. नवीन मशीन तयार करताना मी हीच वापरतो.

फाइल उतरली की लगेच डबल क्लिक करायचं नाही. आधी तिचा आकार बघा. व्हीएलसीचा इन्स्टॉलर चाळीसेक एमबीचा असतो. तुमच्या डाउनलोड फोल्डरमध्ये दीड-दोन एमबीचा ‘व्हीएलसी सेटअप’ पडला असेल तर त्यात व्हीएलसी नाही, तो नुसता डाउनलोडर आहे. (झिप फाइल उघडायचं सेव्हन-झिप मात्र मुळातच दीड एमबीच्या आसपास आहे, त्याला हा नियम लावू नका.) मग चालवताना विंडोज परवानगी विचारतं त्या चौकटीत ‘व्हेरिफाइड पब्लिशर’ची ओळ वाचा. तिथे व्हिडिओलॅन हवं. भलत्याच कंपनीचं नाव असेल तर ‘नो’ दाबा आणि फाइल उडवा. वरची पट्टी निळी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण या डाउनलोडरवाल्यांकडेही रीतसर डिजिटल सही असते. उलट सेव्हन-झिपसारखी चांगली सॉफ्टवेअरही सही न करता येतात आणि पिवळी पट्टी दाखवतात. म्हणून रंगापेक्षा नाव बघायचं.

आता खरी गंमत, इन्स्टॉलरचे पडदे. इथे सावकाश चला.

पहिला पडदा स्वागताचा, त्यात काही नसतं. दुसऱ्यावर दोन पर्याय: ठळक अक्षरात ‘क्विक’ किंवा ‘रेकमेंडेड’, आणि खाली फिकट करड्या अक्षरात ‘कस्टम’ किंवा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’. अ‍ॅडव्हान्स्ड म्हटलं की लोक बिचकतात, आपलं काम नाही म्हणतात. तुमचंच काम आहे. ते निवडलं की ज्या टिका लपवून ठेवल्या होत्या त्या दिसतात. ब्राउझर बदलायची, पहिलं पान बदलायची, कुठला स्कॅनर टाकायची. सगळ्या काढा. इथली एखादी ओळ मुद्दाम उलटी लिहिलेली असते, ‘मला ही सुविधा नको असल्यास टिक ठेवा’ अशा धाटणीची. ती दोनदा वाचा.

तिसरा पडदा सगळ्यात लबाड. वर एक लोगो, मध्ये बारीक अक्षरांचा करार, खाली ‘अ‍ॅक्सेप्ट’ आणि ‘डिक्लाइन’. बघणाऱ्याला वाटतं हा आपल्याच सॉफ्टवेअरचा करार. नीट बघितलं तर लोगो दुसऱ्याच प्रोग्रॅमचा असतो. ‘डिक्लाइन’ असा करडा रंगवलेला की बटण बंदच आहे असं वाटावं. पण ते चालतं.

एका गुरुजींना दुकानात हेच दाखवत होतो. त्यांचा हात माउसवर थांबला.

“डिक्लाइन दाबलं तर आपलं सॉफ्टवेअर बसणार नाही ना?”

“बसतं, गुरुजी. दाबा तुम्ही.”

दाबलं. दुसरी जाहिरात आली, तीही डिक्लाइन केली, आणि त्यांचा पीडीएफचा प्रोग्रॅम मुकाट्याने बसला. नकार दिला तर मुख्य सॉफ्टवेअर मिळणार नाही, या भीतीवरच हा सगळा धंदा उभा आहे. एखाद्या इन्स्टॉलरने खरंच अडवलं तर ते सॉफ्टवेअर घेण्याच्या लायकीचं नाही.

विंडोजमध्ये एक सोयही आहे. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’, त्यात ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ची सेटिंग्ज, आणि तिथे नको असलेली अ‍ॅप अडवण्याचं बटण चालू करून खालच्या दोन्ही टिका ठेवा. सगळं अडेल असं नाही, बरंचसं अडतं.

क्रॅक केलेल्या, म्हणजे पैसे न भरता कुलूप तोडून वापरायच्या, सॉफ्टवेअरला यातलं काही लागू नाही. क्रॅक टाकताना अँटिव्हायरस बंद करा असं ते स्वतःच सांगतात आणि लोक करतातही! त्यातून पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम येतात. तिथे मी स्वतः फॉरमॅट सुचवतो, आणि बँकेचे, मेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून बदलायला लावतो.

साधा कचरा आधीच बसला असेल तर असं काढा. सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ उघडा आणि यादी तारखेप्रमाणे लावा. गडबड सुरू झाली त्या दिवशीची सगळी नावं एकाखाली एक दिसतात. तुम्ही मागवलेलं ठेवा, बाकीची अनइन्स्टॉल करा. जातानाही ती नाटक करतात, ‘खरंच काढायचं?’ विचारून मोठं रंगीत बटण ‘ठेवा’चं देतात. तेही वाचून दाबा. त्यानंतर अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर चालवा. ते मालवेअरबाइट्सचं आहे, फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. घ्यायचं मात्र मालवेअरबाइट्सच्याच साइटवरून, त्याच्या नावानेही जाहिरातवाले गळ टाकून बसलेले असतात.

एवढ्यानंतरही ब्राउझर उघडल्यावर भलतंच पान येत असेल तर क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. ‘टार्गेट’ची ओळ क्रोम डॉट ईएक्सईवर संपली पाहिजे, फारतर पुढे प्रोफाइलचं नाव. त्यापुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढा खोडा आणि ओके करा. टास्कबारवरच्या आणि स्टार्ट मेनूतल्या आयकॉनचंही तेच तपासा, लोक डेस्कटॉपवरचा दुरुस्त करतात आणि टास्कबारवरचा तसाच राहतो. मग एक्स्टेन्शन्सच्या (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या) पानावर अनोळखी असेल ते काढा. घरच्या मशीनवर क्रोमच्या मेनूत तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ दिसलं तर कोणीतरी रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) पॉलिसी, म्हणजे ब्राउझरवर सक्तीचा नियम, घातली आहे. काही अँटिव्हायरसमुळेही हे दिसतं. तसं नसेल तर जाणकाराला दाखवा, रजिस्ट्रीत स्वतः हात घालू नका.

आणि कोपऱ्यातली ती ‘पीसी धोक्यात’वाली पाटी? ती अनेकदा प्रोग्रॅमची नसतेच. कुठल्यातरी साइटने नोटिफिकेशनची परवानगी मागितली आणि तुम्ही ‘अलाउ’ दाबलं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’. परवानगी दिलेल्या साइटची यादी येईल. जी ओळखत नाही तिच्यापुढचे तीन ठिपके दाबून काढून टाका, पाटी त्याच क्षणी थांबते.