दोन खांब, सैल तार आणि दुबेळक्याचा बांबू: नाशिकच्या परसात कपडे वाळवायची पक्की सोय

ऊन कपडे वाळवतं असं आपण म्हणतो, पण ओलं कापड सुकवायचं खरं काम वाऱ्याचं. कापडाला चिकटून बसलेली दमट हवा हलली नाही, तर मे महिन्याच्या उन्हातसुद्धा चादरीची घडी आतून ओलीच राहते. रो-हाऊसच्या मागे घर आणि कंपाउंड यांच्यामधल्या तीन फुटी बोळात बांधलेली दोरी म्हणूनच निरुपयोगी ठरते. तिथे दुपारी तासभर ऊन येतं, वारा मात्र येतच नाही.

तेव्हा पहिलं काम जागा शोधायचं. नाशिकमध्ये पावसाळ्यातला आणि उन्हाळी दुपारचा वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. तार दक्षिणोत्तर बांधली की तो कपड्यांच्या अंगावर सरळ आदळतो. शिवाय सकाळचं ऊन एका बाजूने आणि दुपारचं दुसऱ्या बाजूने मिळतं. दुसरी गोष्ट सावलीची. नाशिक 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर असतो, तेव्हा भिंतीची सावली पडतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि भर दुपारीही सावली भिंतीच्या उंचीइतकी लांब पडते. म्हणजे घराच्या उत्तरेला परस असेल आणि घर 20 फूट उंच असेल, तर खांब भिंतीपासून 20 फूट लांब हवेत. जागा उन्हाळ्यात ठरवली की ही चूक हमखास होते आणि थंडीत तार दिवसभर सावलीत राहते. शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारीत दुपारी बारा वाजता सावलीच्या कडेला खुंटी ठोकून ठेवा.

खांबांसाठी दोन इंची, बी क्लासचा (मध्यम जाडीचा) जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप घ्या. पाइप 20 फुटांचा येतो. मधोमध कापला की 10 फुटांचे दोन खांब होतात आणि तुकडा वाया जात नाही. तीन फूट जमिनीत, सात फूट वर. दीड इंची पाइप स्वस्त पडतो, पण तो दोनच तारांना पुरतो. चार तारांवर ओल्या चादरी पडल्या की वाकतो. फॅब्रिकेटरकडून प्रत्येक खांबावर जमिनीपासून साडेसहा फुटांवर येईल असा 35 मिलिमीटरचा, पाच मिलिमीटर जाडीचा, तीन फुटी अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी) आडवा वेल्ड करून घ्या. अँगलला चार भोकं पाडा: टोकापासून दीड इंचावर पहिलं, पुढची 11-11 इंचांवर. अँगलच्या वर खांब सहा इंच उरतो, तो पावसात ताडपत्री बांधायला कामी येतो. पाइपचं वरचं तोंड टोपी बसवून बंद करा. नाहीतर पावसाचं पाणी आत साचतं आणि पाइप आतून गंजतो, तो बाहेरून दिसत नाही. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, तिथे रेडऑक्साइड आणि वर ऑइलपेंट लावायला विसरू नका. गंज सर्वांत आधी तिथेच धरतो आणि त्याचा पिवळा ओघळ पांढऱ्या शर्टावर उतरतो.

खड्डा एक फूट बाय एक फूट, तीन फूट खोल, दोन्ही खांबांत अंतर 20 फूट. इथल्या काळ्या मातीचा स्वभाव लक्षात ठेवा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ खांबाला दोन वर्षांत कलता करते. तळाला मुरूम लागेपर्यंत खणा. तीन फुटांवरही मुरूम नसेल, तर तळाशी खड्डा दीड फूट रुंद करा. मालाचं प्रमाण सिमेंट एक, वाळू दोन, खडी चार. एक गोणी सिमेंटला 15 लिटरच्या बादलीने वाळू पाच बादल्या, खडी नऊ ते दहा बादल्या आणि पाणी 25 ते 28 लिटर. एवढ्या मालात, तळाला तीन इंच दगडगोट्यांचा थर देऊन, दोन्ही खड्डे साधारण भरतात. तळ रुंद केला असेल तर अर्धी गोणी जास्त धरा. माल ओतायला सोपा जावा म्हणून पाणी वाढवायचा मोह होतो, तो टाळा. पातळ काँक्रीट कमजोर होतं. माल पहारीने ठोसून बसवा. दोन्ही खांब एकमेकांपासून बाहेरच्या बाजूला टोकाशी इंचभर कलते ठेवा, म्हणजे ताण आल्यावर सरळ होतात. काँक्रीटचा वरचा भाग जमिनीच्या दोन इंच वर, चहूबाजूंनी उतरता करा, पाणी पाइपच्या बुडाशी थांबायला नको. सात दिवस ओलं गोणपाट गुंडाळून पाणी मारा आणि तार दोन आठवड्यांनी बांधा.

आता तार. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. 10 गेजची जीआय तार, चार पदरांना गाठी धरून सुमारे 86 फूट, म्हणजे पावणेदोन किलो लागते. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतला द्राक्षमंडपाचं सामान विकणाऱ्या दुकानात ती किलोवर मिळते. बाग काढल्यावर निघालेली जुनी तार आणखी स्वस्त पडते, पण फडक्याने पुसून पाहा. फडकं तांबूस झालं तर ती तार कपड्यांसाठी नको. नायलॉनची दोरी उन्हाने लवकर कुरकुरीत होते आणि भरल्या कपड्यांनिशी तुटते. प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली तार छान दिसते, मात्र वेष्टणाला चीर पडली की आत पाणी शिरतं आणि गंज आतल्या आत पसरतो.

तार किती ताणायची? द्राक्षमंडपाच्या तारेसारखी टणटणीत ताणायची नाही. 20 फुटांच्या तारेवर कपडे टाकल्यावर मधोमध एक फूट झोळ पडत असेल, तर प्रत्येक खांबावरची ओढ कपड्यांच्या वजनाच्या अडीच पट असते. तीच तार इतकी ताणली की झोळ दोनच इंच राहतो, तर ओढ 15 पट होते. चार तारांवर मिळून 20 किलो ओले कपडे धरले तर सैल तारेत 50 किलोची ओढ आणि ताणलेल्या तारेत 300 किलोची. एवढ्या ओढीत खांब वाकतात किंवा पायासकट कलतात आणि दोष बिचाऱ्या गवंड्याला लागतो. म्हणून रिकाम्या तारेला मधोमध वीतभर झोळ ठेवा. एका टोकाला टर्नबकल (फिरवून तार आवळायचा-सैल करायचा स्क्रू) लावला तर वर्षा-दोन वर्षांनी झोळ नीट करता येतो.

झोळामुळे लांब कपडे जमिनीला टेकायला नकोत, त्यासाठी दुबेळक्याचा बांबू. आठ फुटी, मनगटाइतका जाड बांबू घ्या, टोकाला चार इंची व्ही आकाराची खाच पाडा आणि खाच फाटू नये म्हणून तिच्या खाली बांधणीची तार घट्ट गुंडाळा. बुडाचं पेर शाबूत ठेवून कापा, नाहीतर बांबू चिरत जातो. तार सैल असताना, हाताला सहज येईल अशा उंचीवर कपडे टाका, मग दुबेळकं मधोमध लावून तार उचला. झोळ दोन्ही बाजूंना निम्मा होतो आणि खांबांवरची ओढही निम्मी होते. मात्र तार खांबावरच्या अँगलच्या उंचीपेक्षा वर नेऊ नका, ताण पुन्हा वाढतो. आठ फुटी बांबू थोडा तिरपा उभा राहतो, ते बरोबरच आहे. वाऱ्याच्या झोतात तो तारेबरोबर डोलतो, पडत नाही.

तारेखाली तीन-चार फूट रुंद पट्ट्यात दोन इंच बारीक खडी पसरा किंवा शहाबादी फरशी टाका. मातीवर पाऊस पडला की चिखल चादरीच्या काठापर्यंत उडतो. आजूबाजूला कोणतं झाड आहे ते बघा. शेवगा तारेच्या वर नको. पावसाळ्यात त्यावर केसाळ सुरवंट येतात, त्यांचे केस कपड्यात अडकले तर अंगाला भयंकर खाज सुटते. आंब्याला मोहोर आला की तुडतुड्यांचा चिकटा खाली गळतो. जांभळाखाली जूनमध्ये जांभळे डाग ठरलेले. पारिजातकाची फुलं सुंदर, पण देठांचा केशरी रंग पांढऱ्या कपड्यावर उतरतो. गाजरगवत तर फुलण्याआधीच उपटून टाका. तारेच्या कडेला गवती चहा किंवा पुदिना लावावा, शेवटच्या पाण्यातून काढलेले कपडे निथळतात त्यावर तो छान वाढतो.

कपडे टाकण्याआधी तीन-चार वेळा जोरात झटका. चुण्या तिथेच निघतात आणि इस्त्रीची वीज वाचते. शर्ट खालच्या काठाने, शिवणीवर चिमटा लावून उलटा टांगा, म्हणजे खांद्यावर चिमट्याचा उंचवटा येत नाही. टी-शर्ट काखेच्या रेषेत तारेवर दुमडा. पँट उलटी करून, खिसे बाहेर काढून कमरेकडून टांगा. चादर एका तारेवर दुहेरी घालण्यापेक्षा शेजारच्या दोन तारांवर टाका, मधल्या 11 इंचांतून वारा खेळतो आणि ती खूप लवकर वाळते. साडीही तशीच. गोधडी मात्र तारेवर टाकू नका. भिजल्यावर तिचं वजन तार एकाच जागी खाली ओढतं. ती गच्चीच्या कठड्यावर किंवा दोन घोड्यांवर ठेवलेल्या आडव्या बांबूवर पसरा. स्वेटर टांगला की लांबतो, तो बाजेवर सावलीत आडवा ठेवा. गडद सुती कपडे उलटे करून वाळवा आणि वाळताक्षणी काढा. वाळल्यावरचं ऊन फक्त रंग खातं. येवल्याची पैठणी उन्हात कधीच नको. नेसून झाली की तासभर सावलीत हवेशीर ठेवून घडी घाला, घडीची रेघ दर वेळी बदला.

मशीन असेल तर पाच मिनिटं जास्त फिरवून पिळा. तीन लिटर पाण्याची वाफ करायला कोणत्याही साध्या हीटर-ड्रायरला किमान दोन युनिट वीज लागते. तेच पाणी मशीन फिरवून काढायला त्याच्या अगदी थोडा अंश लागतो. उरलेलं वारा फुकट नेतो.

कपड्यांच्या पाण्याबद्दल एक भेद पक्का ठेवा. साबणाचं पहिलं पाणी बागेला नको. त्यातल्या सोड्यामुळे आधीच चिकट असलेली काळी माती दगडासारखी घट्ट होते आणि पाणी मुरेनासं होतं. ते ओटा, बाथरूम, पार्किंग धुवायला वापरा. खळबळून काढलेलं दुसरं-तिसरं पाणी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून केळ, कर्दळ, जास्वंद, नारळ यांच्या आळ्यात त्याच दिवशी घाला. दुसऱ्या दिवशी त्याला वास सुटतो. कोथिंबीर, मेथी, पालक आणि कुंड्या यांना ते घालू नका. ब्लीच वापरलं असेल त्या दिवशी कोणत्याच झाडाला नको. आठवड्यातून एकदा त्याच आळ्यांना साधं पाणी भरपूर द्या, साचलेले क्षार खाली जातात. आळ्यावर वाळल्या पाल्याचा तीन-चार इंच थर असेल तर उन्हाळ्यात पाणी दुप्पट टिकल्यासारखं वाटतं.

थंडीत कपडे नऊच्या आत तारेवर हवेत आणि पाचच्या आत घरात. सूर्य कलला की हवा झपाट्याने गार होते आणि वाळलेले कपडे दवाने पुन्हा ओलसर होतात. मार्च ते मे अवकाळीचा काळ. दुपारी ढग काळवंडले की वाट न पाहता कपडे काढा, गारांचा मार चादरीलाही सोसत नाही. पावसाळ्यात ताडपत्री पश्चिमेच्या बाजूने खाली उतरती बांधा, कारण सर तिकडूनच तिरपी येते. पूर्व बाजू मोकळी ठेवा, चारी बाजू बंद केल्या की कुबट वास येणारच. वास आलाच तर कपडे पुन्हा साबणात भिजवण्यापेक्षा गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, पिळा आणि उघडीप मिळताच वाऱ्यावर टाका.

हळदीचा डाग साबण लागला की लालभडक होतो. घाबरू नका, साबणाच्या क्षाराने हळदीचा रंग बदलतो एवढंच. धुवून डागाची बाजू उन्हाकडे करून टांगा. हळदीचा रंग उजेडात फिका पडतो. एका दिवसात गेला नाही तर पुन्हा ओला करून दुसऱ्या दिवशी टाका. तारेचा किंवा चिमट्याच्या स्प्रिंगचा गंज लागला असेल तर पांढऱ्या सुती कपड्यावर लिंबाचा रस आणि मीठ चोळा, तासभर उन्हात ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. रंगीत कपड्यावर हा प्रयोग आधी आतल्या शिवणीवर करून बघा.