स्कोलिओसिसच्या ऑपरेशननंतर पाठीतले रॉड-स्क्रू हाताला लागत असतील तर काय करायचं

स्कोलिओसिसच्या, म्हणजे कण्याला बाजूला आलेला बाक सरळ करण्याच्या, ऑपरेशनला दोन महिने झाले असतील, आई माझी पाठ पुसून देत होती आणि तिचा हात एकदम थांबला. म्हणाली इथे काहीतरी टणक लागतंय गं. दोन शोल्डर ब्लेडच्या मधे, टाक्यांच्या रेषेच्या जरा डावीकडे, बोटाच्या टोकाएवढा उंचवटा. आम्ही दोघींनी ठरवूनच टाकलं की स्क्रू निसटला, आणि ती अख्खी रात्र जागून काढली. स्क्रू निसटला नव्हता, तो पहिल्या दिवसापासून तिथेच होता, फक्त आता ऑपरेशनची सूज उतरली होती आणि जेवण जात नसल्याने माझं वजनही बरंच कमी झालं होतं, म्हणून तो हाताला लागायला लागला. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहितेय.

आधी आत नेमकं काय आहे ते समजून घ्या, कारण निम्मी भीती तिथेच जाते. मणक्यांमधे स्क्रू बसवलेले असतात आणि त्यांच्या डोक्यांतून कण्याच्या दोन्ही बाजूंनी दोन रॉड गेलेले असतात, जाडीला साधारण 5.5 ते 6 मिमी, म्हणजे पेन्सिलीपेक्षा थोडे बारीक. वर स्नायूंचा थर असतो. जिथे तो थर पातळ असतो तिथे लोखंड (टायटॅनियम म्हणा, आमच्या घरात सगळे लोखंडच म्हणतात) हाताला लागतं, आणि बहुतेक वेळा ती जागा म्हणजे रॉडचं वरचं टोक. बारीक अंगाच्या लोकांना हे जास्त जाणवतं. ज्यांचं ऑपरेशन खूप जुनं आहे त्यांच्यात हॅरिंग्टन रॉड असू शकतो, पॉल हॅरिंग्टन यांनी ती पद्धत 1962 मधे प्रसिद्ध केली होती, त्यात बहुतेक एकच रॉड आणि वर-खाली हुक असायचे, तर त्यांना हुकाची जागा लागते.

आणि हाताला लागणारी प्रत्येक गोष्ट स्क्रू नसते बरं का. बरगड्यांचा उंचवटा ऑपरेशननंतरही थोडा राहतो, शोल्डर ब्लेडची कड असते, मणक्यांची स्वतःची टोकं असतात. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना सरळ सांगा की एक्स-रे समोर ठेवून माझ्या पाठीवर बोट ठेवून दाखवा कुठला उंचवटा कशाचा आहे. दोन मिनिटांचं काम आहे. मी तेव्हाच मोबाइलवर एक्स-रेचा आणि पाठीचा असे दोन फोटो काढून घेतले, आणि पुढे प्रत्येक शंकेला तेच उपयोगी पडले.

आता सगळ्यात महत्त्वाचं, त्वचा. टाक्यांच्या आजूबाजूचा भाग बऱ्याच जणांचा बधीर राहतो, काहींचा महिनोन्महिने, काहींचा कायमचा. म्हणजे उंचवटा खुर्चीवर घासतोय हे तुम्हाला कळतच नाही, दुखलं असतं तर आपण आपसूक सरकून बसलो असतो ना, पण दुखतच नाही तर कोण सरकणार. म्हणून महिन्यातून एकदा घरच्या कुणाला तरी पाठ दाखवा, किंवा मोबाइलने फोटो काढा, दर वेळी त्याच जागी उभं राहून, त्याच उजेडात. रंग बदललाय का, कातडी चकचकीत आणि ताणलेली दिसतेय का, हात ठेवल्यावर तिथेच गरम लागतंय का. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तिथे जागा आजूबाजूपेक्षा गडद किंवा जांभळट दिसते. दाबामुळे आलेला रंग दाब काढल्यावर अर्ध्या तासात जायला हवा, नाही गेला तर त्या जागेला आजपासून पूर्ण आराम आणि डॉक्टरांना फोटो पाठवा.

उशी लावण्याबद्दल. मी पहिले सहा महिने हे चुकीचं करत होते. जिथे टोचतंय बरोबर तिथेच मऊ उशी ठेवायची, आणि व्हायचं उलटंच, उंचवटा अजून पुढे ढकलला जायचा आणि दाब त्याच्यावरच यायचा. मग फिजिओथेरपिस्टने सांगितलं की उशी उंचवट्यावर नाही, उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना लावायची, म्हणजे मधे खळगा तयार होतो आणि लोखंड त्या खळग्यात हवेत राहतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं तुम्ही स्वतःच जुळवता. कडक पाठीच्या खुर्चीवर दोन टॉवेलच्या उभ्या गुंडाळ्या कण्याच्या डाव्या-उजव्या बाजूला. जमिनीवर पाठीवर झोपून व्यायाम करायचा असेल तर दोन मॅट शेजारी शेजारी, मधे चार बोटं फट. गाडीच्या सीटला मधे उभी शिवण किंवा फुगवटा असेल तर त्यावरही हाच उपाय. झोपताना गादी मध्यम मऊ असली की पुरतं, कुशीवर झोपणाऱ्यांनी गुडघ्यांमधे उशी घ्यायची, आणि उठताना आधी कुशीवर वळून, पाय खाली सोडून, मग हाताच्या जोराने उठायचं.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. मागे हुक, चेन, जाड शिवण किंवा लेबल असलेलं काही नको, ब्रा पुढून लागणारी किंवा बिनहुकाची. मी घरात टीशर्ट उलटे घालते, शिवण बाहेर. सॅक दोन्ही खांद्यांवर घ्यायची आणि आतल्या वस्तू अशा लावायच्या की पाठीकडे सपाट आणि मऊ काहीतरी येईल, आणि डॉक्टरांनी वजन उचलायला परवानगी दिल्याशिवाय सॅकच नको.

थंडीत आत काहीतरी गारठल्यासारखं, आखडल्यासारखं वाटतं असं बरेच जण सांगतात, मलाही होतं, आत एक जास्तीचा सुती थर घातला की कमी होतं. पण गरम पाण्याची पिशवी बधीर भागावर ठेवताना प्लीज जपा, चटका बसलेला कळत नाही, आधी हातावर लावून बघा आणि मधे जाड कापड ठेवा. फिजिओथेरपीला गेलात तर आत धातू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा कारण शॉर्टवेव्ह डायथर्मीसारखं (लहरींनी आतून शेक देणारं) मशीन त्या भागावर चालत नाही. मसाज बाजूच्या स्नायूंना हलका चालतो, स्क्रूवर अंगठ्याने दाबायचं नाही. आणि कणा कडकड मोडून देणाऱ्यांकडे अजिबात जायचं नाही, जुळलेला कणा (ऑपरेशनमधे मणके एकमेकांना हाडाने जोडलेले असतात) मोडायचा नसतोच.

उंचवटा कमी होतो का? थोडा होऊ शकतो. वजन परत आलं आणि पाठीचे स्नायू भरले की वरचा थर जाड होतो, माझा साधारण वर्षभराने बराच झाकला गेला. पण नाही झाकला म्हणून काही बिघडलंय असं नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं ते मात्र पाठ करून ठेवा. जुना उंचवटा जिथे होता तिथेच आणि तेवढाच असेल तर निवांत राहा. नवीन उंचवटा आला, जुना वाढला, तिथे मऊ पाणी भरल्यासारखी सूज आली, व्रणातून काही झिरपतंय, तर लगेच दाखवा, आणि ऑपरेशनला चार-पाच वर्षं झालीत, ताप नाही, म्हणून सोडून देऊ नका, कारण इन्फेक्शन इतक्या उशिराही येऊ शकतं आणि तापाशिवायही. कट्कन आवाज होऊन नवीन दुखणं सुरू झालं तर रॉड मोडला असण्याची शक्यता तपासावी लागते. रॉडच्या वरचा भाग पुढे झुकायला लागला आणि मान पुढे जायला लागली तरी दाखवा. आणि पायात अशक्तपणा, नवीन बधीरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, यात वाट बघायची नाही, त्याच तासाला इमर्जन्सी.

काढून टाकता येतं का हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. रॉडचं खरं काम हाडं जुळेपर्यंत कणा धरून ठेवण्याचं, त्याला साधारण सहा महिने ते वर्ष लागतं, त्यानंतर भार मुख्यतः जुळलेलं हाड घेतं. पण काढणं म्हणजे परत भूल, परत चीर, म्हणून त्रास नसेल तर आतच ठेवतात. त्रास खरंच असेल, कातडी पातळ होत चालली असेल, तर कधी कधी फक्त टोचणारा एखादा स्क्रू किंवा रॉडचं टोक काढूनही भागतं. त्याआधी हाड नीट जुळलंय का हे सीटी स्कॅनवर बघायला सांगा, आणि सगळंच काढलं तर बाक किती परत येऊ शकतो हे नक्की विचारा, कारण हाड जुळलेलं असूनही काहींचा थोडा परत येतो.

कागद एका फाइलमधे ठेवा, ऑपरेशनची नोट, कुठल्या मणक्यापासून कुठपर्यंत फ्युजन (म्हणजे मणके जोडलेले) आहे, धातू कुठला. एमआरआय काढायच्या आधी हे द्यायचं, टायटॅनियमला सहसा अडचण येत नाही पण त्या भागाचं चित्र धूसर येतं. पुढे बाळंतपणात किंवा कुठल्याही ऑपरेशनला पाठीत इंजेक्शन द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला हीच फाइल आधी हवी असते, आयत्या वेळी नाही. विमानतळावर माझ्यासाठी मशीन कधी वाजलं नाही, पण वाजू शकतं, तसं आधीच सांगून टाकायचं.

राहिलं पाठीवर थाप मारणाऱ्यांचं. प्रेमाने मारतात, त्यांना माहीत नसतं. मी जवळच्या प्रत्येकाला एकदा त्यांचं बोट धरून ती जागा दाखवली, हळूच लावू दिलं आणि सांगितलं मिठी मारताना हात इथे नाही, खाली कमरेजवळ किंवा वर खांद्यावर. माझा धाकटा भाऊ तर आता गर्दीत माझ्या मागेच चालतो, कुणाचा कोपर लागू नये म्हणून.