सुपरचार्जर असलेल्या मिनीच्या क्रँककेसला मोकळी वाट: कॅच कॅन कसा बसवावा

मिनी कूपर एसचं २००२ ते २००६ मधलं मॉडेल, मिनीवाल्यांच्या बोलीत आर५३, इथे इंग्लंडमध्ये अजून रस्त्यावर भरपूर दिसतं. गाडी ऑक्सफर्डची, तिचं १.६ लिटरचं ट्रायटेक इंजिन ब्राझीलचं आणि त्यावर ईटनचा एम४५ सुपरचार्जर, म्हणजे इंजिनच्याच ताकदीवर फिरून आत जादा हवा दाबणारा पंप. मी या गाड्या वर्षानुवर्षं घरासमोर उघडत आले आहे, आणि दुखणी बहुतेक तीच निघतात: इंटरकूलरच्या (दाबलेली हवा गार करणाऱ्या भागाच्या) रबरी बुटांत साचलेलं तेल, क्रँक सेन्सरच्या ओ-रिंगपाशी ओल, ऑइल पॅनच्या गॅस्केटवर थेंब. लोक एकेक सील बदलत राहतात आणि सहा महिन्यांत तीच ओल परत येते. सीलला हात लावण्याआधी क्रँककेसमधल्या, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या इंजिनच्या खालच्या भागातल्या, वायूला बाहेर पडायला नीट वाट आहे का, ते बघा. कॅच कॅन म्हणजे त्या वाटेत बसवायचा, वायूतलं तेल अडवून ठेवणारा डबा.

सिलिंडरमधला थोडा वायू पिस्टन रिंगच्या कडेने खाली उतरतोच. त्याला ब्लो-बाय म्हणतात. सुपरचार्जर साधारण ०.८ बारचा दाब देतो, त्याला फिरवणारी पुली लहान लावली की त्याहून जास्त, आणि त्या प्रमाणात ब्लो-बायही वाढतो. धुराडं तुंबलं की धूर जसा घरात पसरतो, तसा हा वायू मग मिळेल त्या सीलमधून वाट काढतो, आणि जाताना तेल घेऊन जातो.

आर५३ मध्ये टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणावरून, दोन नळ्या निघतात. एक पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसचा वायू मापात सोडणाऱ्या झडपेतून) थ्रॉटल बॉडीच्या (एक्सिलरेटरप्रमाणे हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेच्या) पलीकडे, सुपरचार्जरच्या तोंडाशी जाते. दुसरी, ब्रीदरची, थ्रॉटलच्या अलीकडे एअर फिल्टरकडच्या पाइपला जोडलेली असते. या इंजिनात थ्रॉटल सुपरचार्जरच्या आधी आहे, त्यामुळे पीसीव्हीच्या नळीवर बूस्टचा, म्हणजे सुपरचार्जरने दाबलेल्या हवेचा, दाब कधीच येत नाही. तिथे एरवी ओढ असते. एक्सिलरेटर पूर्ण दाबला की मात्र ती ओढ जवळजवळ संपते, आणि ब्लो-बायचा बराच भाग उलटा ब्रीदरमधून बाहेर येतो. कुठून गेला तरी तेलाचा हा धुरळा शेवटी सुपरचार्जरमधून इंटरकूलरमध्येच पोचतो. तिथे आतल्या पत्र्यांवर थर बसतो आणि हवा नीट गार होत नाही. शिवाय पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल नॉकिंगला (मिश्रण अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांना) आमंत्रण देतं, मग ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि ताकद कमी होते.

ज्या गाड्यांत पीसीव्हीची नळी थेट मॅनिफोल्डला, म्हणजे सुपरचार्जरच्या पुढे जोडलेली असते, तिथे गणित वेगळं. बूस्ट उलटा क्रँककेसमध्ये शिरू नये म्हणून त्या नळीत चांगला वन-वे व्हॉल्व्ह लागतो. आर५३ ला त्याची गरज नाही. उगाच लावाल तर वाट आणखी अरुंद कराल.

काही विकत घेण्याआधी इंजिनची तब्येत बघा. लीकडाउन टेस्ट करून घ्या, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती गळते ते मोजून घ्या. गळती २० टक्क्यांच्या वर असेल आणि ऑइल फिलरच्या तोंडाशी हवेचा आवाज येत असेल, तर दोष रिंगांचा आहे, आणि तो कॅच कॅनने झाकला जातो, बरा होत नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवा, आतला दट्ट्या खडखडला पाहिजे. चिकटला असेल तर बदला, आणि त्याच इंजिनचा घ्या. दिसायला सारखा, स्वस्त व्हॉल्व्ह नको, कारण कोणत्या ओढीला किती वायू सोडायचा हे त्याच्या आतल्या स्प्रिंगवर आणि छिद्रावर ठरलेलं असतं. मग इंजिन गरम करून आयडलिंगवर ऑइल फिलरचं झाकण काढा आणि तोंडावर कागद धरा. कागद हलकासा आत ओढला गेला तर ठीक. फडफडून बाहेर ढकलला जात असेल तर वाट तुंबलेली आहे.

इंटरकूलरमधल्या तेलाचा वासही घ्या. सुपरचार्जरच्या गिअरमध्ये त्याचं स्वतःचं वेगळं तेल असतं, उग्र वासाचं. तो वास आला तर गळती सुपरचार्जरच्या सीलमधून आहे, आणि कॅच कॅन तिथे काहीच करू शकत नाही. (या गाडीचा वॉटर पंप सुपरचार्जरच्याच मागच्या गिअरवर चालतो. ते तेल संपलं की पंप जातो आणि इंजिन तापतं, म्हणून त्याकडे दुर्लक्ष नको.)

आता सामान. कॅन साधारण अर्ध्या लिटरचा, आत आडवे पडदे आणि स्टीलची जाळी असलेला हवा. नुसता रिकामा डबा असेल तर वायू एका तोंडातून येतो, दुसऱ्यातून जातो आणि तेल फारसं मागे राहत नाही. कॅनची तोंडं नळीच्या आतल्या मापापेक्षा लहान नकोत. माप व्हर्नियरने घ्या, जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. वरती फिल्टर बसवलेला कॅन पीसीव्हीच्या बाजूला चालत नाही, तिथून हवा खेचली जाते आणि आयडलिंग बिघडतं.

होजच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. हीटरसाठी मिळणारा ईपीडीएम रबराचा पाइप तेलाने फुगतो आणि मऊ पडतो. साधा सिलिकॉन दिसायला झकास, पण त्यातून तेल पाझरतं आणि ओढीखाली तो चपटा होऊ शकतो. तेल सोसणारा, आत दोऱ्याचं विणकाम असलेला नायट्राइल रबराचा होज घ्या.

जागा शोधणं हे खरं काम. कूपर एसची बॅटरी मागे डिकीत असते, तरी बॉनेटखाली बोट घालायला जागा नाही. स्ट्रट टॉवरच्या बाजूला ब्रॅकेट बसवता येतो. एग्झॉस्टपासून कॅन लांब ठेवा. तो जितका गार, तितकं तेल आणि पाणी आत जास्त थिजतं. कॅनला जाणारा होज सतत उताराचा असू द्या. मध्ये झोळ पडला की त्यात तेल साचून गुळणी धरल्यासारखी वाट बंद होते.

इंजिन थंड असताना कामाला लागा. त्याआधी ओबीडी रीडरवर (ईसीयूमधले आकडे वाचणाऱ्या यंत्रावर) फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती वाढवतो-घटवतो त्याचे, आकडे लिहून ठेवा. पीसीव्हीपासून सुपरचार्जरकडे जाणारी नळी सोडवा. व्हॉल्व्ह जागेवरच राहू द्या. त्याच्या तोंडापासून नवा होज कॅनच्या इनलेटला, आणि कॅनच्या आउटलेटपासून दुसरा होज सुपरचार्जरच्या तोंडाला. इनलेट-आउटलेट उलटं झालं तर आतल्या जाळीचा उपयोग जातो, तेव्हा कॅनवरच्या खुणा दोनदा बघा. प्रत्येक जोडाला क्लॅम्प लावा. मूळ पुली आणि रोजचा शहरातला वापर असेल तर एवढं पुरे.

पुली १५ टक्के लहान असेल किंवा गाडी ट्रॅकवर जात असेल, तर ब्रीदरच्या नळीतही दुसरा, स्वतंत्र कॅन बसवा. पैसे वाचवायला दोन्ही नळ्या एकाच कॅनमध्ये आणू नका. मग पीसीव्हीची ओढ ब्रीदरकडची ताजी हवा कॅनमधूनच पिऊन घेते, आणि क्रँककेसमधला वायू आहे तिथेच राहतो.

टॅपेट कव्हरवर छोटे फिल्टर खोचून सगळा वायू उघड्यावर सोडणारेही आहेत. मला ते पटत नाही. ओढ गेली की पेट्रोलची वाफ आणि पाणी तेलातच राहतं, तेल लवकर खराब होतं, आणि गाडीत बसलेल्यांच्या नाकात तो वास जातो. शिवाय युरोपातल्या मान्यतेच्या नियमांप्रमाणे पेट्रोल गाडीच्या क्रँककेसमधून वायू वातावरणात सुटता कामा नये.

सगळं जोडून झालं की इंजिन सुरू करा, गरम होऊ द्या आणि कागदाची चाचणी पुन्हा घ्या. ओढ आधीइतकी किंवा चांगली हवी. कमी झाली असेल तर कॅन किंवा होज अरुंद आहे. बदला, कारण तेल अडवून वाट कोंडणारा कॅन सीलचा शत्रूच. काही दिवस चालवून फ्युएल ट्रिम ताडून पाहा. मिश्रण जास्त पेट्रोलकडे झुकवावं लागत असेल तर एखाद्या जोडातून हवा शिरते आहे.

सुरुवातीला कॅन दर दोन आठवड्यांनी उघडा, मग तुमच्या गाडीत तो किती दिवसांत भरतो ते कळेल. हिवाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तेलापेक्षा पांढरट, दुधाळ पाणी जास्त निघतं. त्याने घाबरू नका, पण ते साचू देऊ नका: कडाक्याच्या थंडीत ते गोठलं की होज बंद पडतो आणि सगळा दाब सीलवर येतो. काढलेला माल इंजिनात परत ओतायचा नाही. तो बाटलीत भरून कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रात, वापरलेल्या इंजिन ऑइलच्या टाकीत द्या.