टायर गोटा झालाय का, फुगा आलाय का, किती जुना आहे: घरच्या घरी कसं बघायचं

बरेच जण टायर कधी बदलायचा हे फक्त किलोमीटरवर ठरवतात, चाळीस हजार झाले की बघू म्हणतात. आमच्या काकांची गाडी सात वर्षांची आणि चाललीय जेमतेम 19 हजार, टायरची नक्षी अगदी नव्यासारखी, त्यामुळे कोणी लक्षच दिलं नाही. एकदा गाडी धुताना मी खाली बसलो तर टायरच्या बाजूला बारीक बारीक भेगा, उन्हाळ्यात शेत तडकतं ना तशा, आणि एका भेगेत चक्क नख अडकलं. गाडी कायम उन्हात उभी, रबर वाळून गेलेलं. आणि त्याच टायरवर घरचे सगळे समृद्धीने नागपूरला निघणार होते, 120 च्या स्पीडला! चारही टायर बदलायला लावले.

म्हणून आधी टायरचं वय बघा. टायरच्या बाजूला डीओटी (DOT) अशी अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. 2319 असेल तर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कधीकधी हे आकडे आतल्या बाजूला असतात, मग पुढच्या चाकांना स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्चने बघायचं. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, दहा वर्षांचा टायर कितीही छान दिसला तरी काढाच, आणि आपल्याकडचं ऊन बघता मी तर सहा-सातच्या पुढे थांबत नाही. नवीन घेतानाही दुकानात हे आकडे बघूनच घ्या. मला एकदा एका दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला टायर नवा म्हणून देत होते, आकडे दाखवल्यावर गुपचूप दुसरा काढून दिला.

मग नक्षी. खाचेत बोट फिरवलं की मधे मधे रबराचे छोटे उंचवटे लागतात, त्यांची उंची 1.6 मिमी. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या लेव्हलला आली की टायर गोटा झाला, म्हणजे संपला, कायद्यानेही आणि खरोखरही. पण पावसाळ्यात घाटातून येजा असेल तर 3 मिमीच्या आसपासच बदला असं मी सांगेन, कारण खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी सरकते, ब्रेक दाबूनही लवकर थांबत नाही.

झीज कुठे झालीय ते पण बघा, त्यावरून बरंच कळतं. मधेच जास्त झिजला असेल तर हवा जास्त भरली जातेय, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, आणि एकाच बाजूची कड खाल्ली असेल तर बहुतेक अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलंय, ते न करता नवीन टायर टाकला तर तोही तसाच खाल्ला जाणार. 80-90 च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं तर आधी बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं, करून घ्या. दर दहा हजाराला टायर पुढचे मागे करून घेतले की सगळे सारखे झिजतात.

हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, पंपावरच्या पोराला विचारू नका. टायर थंड असताना चेक करा, लांबून चालवून आल्यावर हवा तीन-चार पॉइंट जास्त दाखवते, ती कमी करायची नाही.

खड्ड्यात जोरात आदळल्यावर मात्र लगेच उतरून बघा. बाजूला फुगा आलेला दिसला तर आतले धागे तुटलेत, त्याला रिपेअर नाही, स्टेपनी लावून हळू घरी या. पंक्चरचं पण तसंच, नक्षीच्या मधल्या भागात खिळा घुसला तर पॅच चालतो, बाजूच्या भिंतीला भोक पडलं तर कितीही कोणी करून देतो म्हणाला तरी करू नका.

आणि हो, स्टेपनीची हवा पण बघा, तिला सगळेच विसरतात. बारीक स्टेपनी असेल तर तिच्यावर जास्तीत जास्त स्पीड किती ते लिहिलेलं असतं, बहुतेक 80, त्याच्या आतच चालवा आणि जवळच्या टायरवाल्यापर्यंतच.