विंडोजवरून उबुंटूवर गेलात तरी मराठी टायपिंग अडणार नाही

विंडोजवर वर्षानुवर्षं एखाद्या फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी उमटवणाऱ्या) सॉफ्टवेअरवर बसलेला हात लिनक्सवर, म्हणजे उबुंटूसारख्या प्रणालीवर, गेला की अडखळतो, कारण ते सॉफ्टवेअरच तिथे नसतं. उपाय एकच: इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी, शिकून घ्या. हा कीबोर्ड दोन्हीकडे आधीपासूनच असतो, वेगळं सॉफ्टवेअर शोधून बसवावं लागत नाही.

१. विंडोज: सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे मराठी भाषा जोडा. कीबोर्डच्या यादीत 'फोनेटिक' नको, साधा 'मराठी' ठेवा, तोच इन्स्क्रिप्ट.
२. उबुंटू: सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, तिथून 'मराठी (एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट)'.
३. इंग्रजी-मराठी अदलाबदल दोन्हीकडे सारखीच: विंडोज की आणि स्पेस.

मांडणी सोपी आहे. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. 'के'वर क, शिफ्ट धरलं की ख. 'एन'वर ल, शिफ्टसह ळ. हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह) 'डी'वर. 'दुसऱ्या'मधला ऱ्य अनेकांना छळतो. तो असा येतो: शिफ्ट-जे, डी, मग य या अक्षराची कळ.

क्ष, त्र, ज्ञ, श्र यांच्यासाठी विंडोजवर वरच्या आकड्यांच्या ओळीत आयत्या कळा आहेत, पण त्यांची सवय लावूच नका, लिनक्सवर त्या दगा देऊ शकतात. क, हलन्त, ष अशी जोडणी करा. ती कुठेही चालते.

एक जपा: यादीत इंग्रजी पहिल्या क्रमांकावर ठेवा. नाहीतर लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड मराठी अक्षरांत पडतो, ठिपक्यांमुळे ते दिसत नाही आणि बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो.