लिनक्ससाठी पार्टिशन करताना या चुका टाळा

डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन पाडताना रूटला (सिस्टिम आणि प्रोग्रॅमचा भाग) १५ जीबी आणि उरलेली सगळी डिस्क होमला (आपल्या फाइलचा भाग). नवखे लोक अजूनही हेच करतात, आणि दर वेळी माझा जीव तळमळतो. फ्लॅटपॅक, स्नॅप, डॉकर या प्रोग्रॅम बसवण्या-चालवण्याच्या साधनांचा पसारा मुळात रूटमध्येच साठतो. १५ जीबी बघता बघता संपतात.

माझ्या मावसभावाची ५०० जीबीची डिस्क. होम जवळजवळ रिकामं, रूट काठोकाठ भरलेलं. एक दिवस लॉगिन केलं तरी डेस्कटॉप उघडेना. मी फोनवर बजावलं, "आधी फोटो बाहेरच्या डिस्कवर घे, मगच पार्टिशन बदलायला जीपार्टेडला हात लाव." तो म्हणाला, "दादा, पाच मिनिटांचं तर काम आहे." पण रूट वाढवायचं तर शेजारच्या होमची सुरुवात पुढे सरकवावी लागते, म्हणजे त्यातला डेटा उचलून नव्या जागी लिहावा लागतो. ते काम चालू असतानाच वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी आधीच निकामी झालेली. होम धड जुन्या जागी नाही, धड नव्या जागी नाही. फोटोरेक या गेलेल्या फाइल शोधणाऱ्या प्रोग्रॅमने बरेच फोटो परत दिले, पण फाइलची नावं आणि फोल्डर गेले. त्याच्या मुलीच्या बारशाचे फोटो आम्ही तीन रविवार बसून एकेक ओळखून लावले. बॅकअपला अर्धा तास लागला असता.

मी रूटला ६० ते ८० जीबी देतो. डिस्क २५६ जीबी किंवा त्याहून लहान असेल तर होम वेगळं काढतच नाही. वेगळं असेल, तर पुन्हा इन्स्टॉल करताना होमपुढची फॉरमॅटची खूण काढलेली आहे ना, हे दोनदा बघतो.

विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर सी ड्राइव्ह विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच लहान करा आणि त्याआधी फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, ड्राइव्ह अर्धवट झोपेत राहतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या.

ईएफआय पार्टिशन (कॉम्प्युटर सिस्टिम सुरू करतो ते इथूनच) फॉरमॅट करू नका, विंडोज सुरूच होणार नाही.

फाइल सिस्टिम, म्हणजे पार्टिशनवर फाइल मांडायची पद्धत, निवडताना: एक्सएफएस नंतर लहान करणं व्यवहारात जमत नाही, म्हणून मी ईएक्सटी४ घेतो.

हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद करणं) हवं असेल तरच रॅमइतकं स्वॅप पार्टिशन (रॅमला जोड म्हणून डिस्कवरची जागा) करा. नाहीतर स्वॅप फाइल पुरते, ती नंतर हवी तेव्हा वाढवता येते.